सांदीपनींची दक्षिणा

उज्जैनच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून थोडे चालले की देवास गेटचा बसस्टँड लागतो. महाकालाचे दर्शन घेऊन इंदूरला जाणारी माणसे इथेच गाडीची वाट बघत उभी असतात. इंदूर इथून पंचावन्न-साठ किलोमीटर. कंडक्टर 'इंदौर इंदौर' असे ओरडत असतो, आणि गाडी भरल्याशिवाय हलत नाही. आपल्या पणजीच्या कदंब स्टँडवर वाढलेल्या माणसाला यात नवीन काहीच वाटत नाही.

२०२२ सालच्या जून महिन्यातली २६ तारीख, रविवार. मी, सौ. आणि आमची कन्या, असे तिघे तिथे उभे होतो. सकाळी महाकाल झाला, नंतर सांदीपनी आश्रम झाला. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. चालून चालून तिचे पाय दुखत होते. म्हणून एका चहाच्या टपरीवर टेकलो. टपरीवाल्याने शेवेच्या बरणीला मोबाईल टेकवून ठेवला होता आणि त्याच्याभोवती सात-आठ माणसे वाकून उभी होती. कोणाचा तरी अपघात-बिपघात बघताहेत की काय, असे मला आधी वाटले. डोकावलो तर क्रिकेट. तेही रणजी करंडकाचे! आयपीएलच्या जमान्यात बसस्टँडवर रणजीचा सामना बघणारी माणसे मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई असा अंतिम सामना चालू होता. पाचवा दिवस. मध्य प्रदेशला जिंकायला १०८ धावा हव्या होत्या. मी सौ.शी मराठीत काहीतरी बोललो, तसे बाजूचे एक म्हातारे गृहस्थ वळले. "मुंबईचे का तुम्ही?" त्यांच्या आवाजात जरा संशयच होता.

"नाही हो काका, गोव्याचे."

"गोव्याचे? आणि इतकं चांगलं मराठी?"

हा प्रश्न गोव्याबाहेर आपल्याला आयुष्यभर पुरतो. त्याचे उत्तर द्यायला बसलो तर हा लेख वेगळाच होईल. मी नुसता हसलो. काका इंदूरचे होते, तीन-चार पिढ्यांपूर्वी होळकरांच्या पदरी आलेल्या घराण्यातले. ते पुन्हा मोबाईलकडे वळले आणि म्हणाले, "हा पंडित आहे ना, तेवीस वर्षं झाली, ह्याच ग्राउंडवर रडला होता. आज बघा."

मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला. टपरीवाल्याने त्या घोळक्याला चहा फुकट दिला, त्यात आम्हा तिघांनाही मिळाला. पडद्यावर साठीतले एक गृहस्थ डोळे पुसत होते, आणि पोरे त्यांना खांद्यावर घेत होती. चंद्रकांत पंडित.

आता थोडा हिशोब मांडतो. कारकुनाला तेवढेच येते.

चंद्रकांत पंडित हे मुंबईचे, रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली तयार झालेले. यष्टिरक्षक, पण त्याहून जास्त फलंदाज. १९८६ साली हेडिंग्लेला पहिली कसोटी खेळले ती निव्वळ फलंदाज म्हणूनच, कारण यष्टीमागे किरण मोरे होता. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडविरुद्धचा उपांत्य सामना झाला, तेव्हा वेंगसरकर आजारी पडले आणि पंडित त्यांच्या जागी खेळले. तो सामना मी शेजाऱ्यांच्या घरी बघितला होता. गोवा घटक राज्य होऊन जेमतेम पाच महिने झाले होते, आणि आमच्या वाड्यावर दोनच टीव्ही होते. गूचने स्वीप मारून मारून आपल्याला हरवले ते आठवते. पंडित आठवत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेकांचे तसेच आहे.

भारतासाठी ते ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. कसोटीत एकही अर्धशतक नाही. पण प्रथम श्रेणीत आठ हजारांहून जास्त धावा, सरासरी ४८ च्या वर, बावीस शतके. म्हणजे माणसाच्या हातात कला होती यात वाद नाही. मात्र त्या काळात संघात यष्टिरक्षकाची एकच जागा. कधी मोरे आत, कधी पंडित, आणि हळूहळू मोरे कायमचे. यात अन्याय झाला असे मी म्हणत नाही. जागा एक आणि लायक माणसे दोन असली की एकजण बाहेर राहणारच. आमच्या खात्यात बढतीच्या वेळी दर वर्षी हेच होते.

मग पंडित मध्य प्रदेशकडून खेळायला गेले. आणि १९९९ साली, कर्णधार म्हणून, संघाला रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. समोर कर्नाटक, मैदान चिन्नास्वामीच. कर्नाटक ३०४, मध्य प्रदेश ३७९. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी. रणजीचा नियम असा की अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ विजेता. म्हणजे शेवटच्या दिवशी जिंकायलाच पाहिजे असेही नव्हते. नुसते टिकून राहिले असते तरी करंडक घरी आला असता. पण टिकता आले नाही. दुसरा डाव १५० धावांत आटोपला. विजय भारद्वाजच्या फिरकीने सहा जण घेतले आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले. देवास गेटवरचे काका ज्या रडण्याविषयी बोलत होते, ते हे.

एखादा माणूस इथे थांबला असता. नोकरी होती, नाव होते, सांगायला दोन-चार गोष्टी होत्या. संध्याकाळी क्लबात बसून 'आमच्या वेळी' असे म्हणत आयुष्य छान निघून जाते. मी स्वतः तसे बरेच आयुष्य काढले आहे, ते पुढे सांगतो.

पंडित प्रशिक्षक झाले. २००२-०३ आणि २००३-०४, मुंबईला लागोपाठ दोन रणजी. पुन्हा २०१५-१६ ला मुंबईच. पुढच्या वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली. पार्थिव पटेलने चौथ्या डावात १४३ काढून सामना ओढून नेला. एक अंतिम सामना हरल्यावर मुंबईने पंडितांना दूर केले. ते विदर्भाकडे गेले. विदर्भ! ज्यांनी तोवर रणजीचा अंतिम सामना कधी पाहिलासुद्धा नव्हता. आणि १ जानेवारी २०१८ रोजी, त्याच इंदूरला, त्याच होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. गुरबानीची हॅटट्रिक, वाडकरचे शतक. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक. त्यानंतर मध्य प्रदेश आणि २०२२. एकूण सहा. खेळाडू म्हणून पाच कसोट्या, प्रशिक्षक म्हणून सहा रणजी करंडक.

इंदूरच्या माणसाला २०२२ चे एवढे का वाटावे, त्यालाही कारण आहे. होळकरांचा संघ एकेकाळी या देशातला दादा संघ होता. सी. के. नायडू, मुश्ताक अली वगैरे मंडळी. त्या संघाने चार वेळा रणजी जिंकली, शेवटची १९५२-५३ साली. त्यानंतर माळव्याने करंडक बघितला तो थेट २०२२ ला. काकांच्या वडिलांनी बघितलेली गोष्ट काकांना म्हातारपणी दिसली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्याच दिवशी सकाळी आम्ही सांदीपनी आश्रमात गेलो होतो. कृष्ण, बलराम आणि सुदामा जिथे शिकले असे मानतात, ते ठिकाण. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला वगैरे कथा आपल्याला पाठ आहे. पण दक्षिणेची गोष्ट मी मुलीला सांगायला लागलो तेव्हा मलाच नव्याने कळली. शिक्षण संपल्यावर कृष्णाने विचारले, गुरुदक्षिणा काय देऊ? सांदीपनींनी बायकोशी विचारविनिमय केला आणि सांगितले, प्रभासक्षेत्री समुद्रात आमचा मुलगा बुडाला, तो आणून दे. मग कृष्ण-बलराम समुद्रात शिरले, पंचजन असुराला मारले, त्याचा शंख मिळाला पण मुलगा मिळेना, शेवटी यमाकडे जाऊन त्याला परत आणला.

म्हणजे गुरूने काय मागितले? सोने नाही, गाई नाहीत. स्वतःचे जे बुडाले होते ते मागितले.

आणि दुपारी देवास गेटवर, शेवेच्या बरणीला टेकवलेल्या मोबाईलमध्ये, मी तेच पुन्हा बघितले. ज्या मैदानात २३ वर्षांपूर्वी बुडाले होते, तिथूनच पोरांनी काढून आणून दिले. ज्या संघाला एक दिवस टिकता आले नव्हते त्याच संघाच्या नव्या पोरांनी पहिल्या डावात पावणेदोनशेहून जास्त षटके फलंदाजी केली. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार, तिघांची शतके, ५३६ धावा. मुंबईने वाट बघितली, हे बाद होईनात. १९९९ चा धडा कोणीतरी नीट घटवून घेतला होता.

ही गोष्ट गोड आहे. पण ती तशीच गोड मानून गप्प बसायला मी तयार नाही. कारण यात एक धोका आहे, आणि तो आपल्या घराघरात आहे.

आपले बुडालेले पोरांकडून काढून घ्यायचे, हा उद्योग आपल्याकडे कोण करत नाही? आईला गायचे होते, म्हणून मुलीने गायचे. वडिलांची मेडिकलची सीट हुकली, म्हणून मुलाने बायॉलॉजी घ्यायचे. मी स्वतः कॉलेजच्या संघात होतो. चेंडू मारायचो बऱ्यापैकी, लांब जायचा. आमचे सर सांगायचे, "अरे, सोडायला शीक. सगळे चेंडू मारायचे नसतात." मला राग यायचा. एकदा दुसऱ्या वर्षाला त्यांनी मला तासभर नुसता चेंडू अडवायला लावला, तसा मी पॅड काढून चालता झालो. परत गेलो नाही. मग बी. ए. झालो, परीक्षा दिली, कारकून झालो. चूक माझीच होती. पण मी लोकांना सांगताना 'सरांनी माझी कारकीर्द घालवली' असे वीस वर्षे सांगत आलो.

आणि मुलीने बॅट हातात घेतली तेव्हा? तेव्हा मी सीमारेषेवर उभा राहून ओरडू लागलो. "मार! मार ना!" तिच्या प्रशिक्षकांनी एक दिवस मला बाजूला घेतले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही त्या झाडाखाली बसा. तिला दोन आवाज ऐकू येतात." सरकारी कारकुनाला कोणी साहेब म्हटले की त्यात टोमणा असतो, हे मला कळते.

तर मग सांदीपनी आणि मी, यात फरक काय? मी बरेच दिवस यावर विचार केला. मला वाटते, फरक क्रमाचा आहे. सांदीपनींनी आधी शिकवले. सगळे शिकवले, हातचे काही न राखता. मागितले ते नंतर, आणि तेही शिष्याने आपणहून विचारल्यावर. आम्ही आईबाप आधी मागतो. शिकवत तर काहीच नाही. पंडितांनीही आधी पाच करंडक दुसऱ्यांच्या पदरात घातले. त्यांत त्यांचे स्वतःचे बुडालेले काही नव्हते. विदर्भाशी त्यांचे काय देणे-घेणे होते? दुसऱ्याच्या पोराला मनापासून शिकवता आले, तर मगच आपले जुने दुःख पोरांसमोर काढायचा अधिकार मिळतो, असे माझे मत आहे. ज्याला तेवढे जमत नाही त्याने झाडाखाली बसावे.

दुसरा मुद्दा शिस्तीचा. पंडित कडक, हे सगळेच सांगतात. मध्य प्रदेशच्या कर्णधाराला, आदित्य श्रीवास्तवला, लग्नासाठी दोनच दिवसांची सुट्टी मिळाली अशी बातमी तेव्हा आली होती. ती वाचून आमच्या ऑफिसात हलकल्लोळ झाला. आमच्याकडे साखरपुड्यालाच आठवडाभर अर्जित रजा निघते! पण हीच शिस्त सगळीकडे चालते असे नाही. पुढे पंडित कोलकाता नाइट रायडर्सचे प्रशिक्षक झाले, तेव्हा डेव्हिड वीझाने उघडपणे सांगितले की परदेशी खेळाडूंना ही पद्धत रुचली नव्हती. २०२४ ला कोलकात्याने आयपीएल जिंकली, पण श्रेयाचा मोठा वाटा मार्गदर्शक गौतम गंभीरच्या नावावर जमा झाला. जुलै २०२५ मध्ये पंडित आणि कोलकाता यांचे रस्ते वेगळे झाले. मला यात नवल वाटत नाही. शिक्षक तिथे लागतो जिथे कोणीतरी अजून घडायचे असते. जे घडून, मोल ठरवून आलेले आहेत त्यांना व्यवस्थापक लागतो. दोन्ही कामे चांगली आहेत, पण ती एक नव्हेत.

तिसरा मुद्दा म्हणजे हुकलेला माणूसच चांगला शिक्षक होतो का? पूर्ण खरे नाही, पण बरेचसे खरे आहे. ज्याला सगळे आपसूक येते त्याला ते कसे येते हे सांगता येत नाही. ज्याने एकेक पायरी मोजून चढली आणि शेवटच्या पायरीवरून परत फिरला, त्याला जिना पाठ असतो. आचरेकर सर स्वतः फक्त एक प्रथम श्रेणी सामना खेळले. त्यांचाच दुसरा शिष्य अमोल मुजुमदार. १९९४ साली रणजी पदार्पणात २६०, तेव्हाचा विश्वविक्रम. पुढे अकरा हजारांवर धावा. भारताची टोपी कधीच मिळाली नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, नवी मुंबईला, त्यांच्या हाताखालच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. हरमनप्रीतने त्यांच्या पायांना हात लावला. आमची कन्या आता तेरा-चौदाची झाली. मध्यरात्रीपर्यंत जागून तिने तो सामना बघितला आणि विचारले, "बाबा, ते कोण?" मी सांगितले. "मग ते किती मॅच खेळले इंडियाकडून?" मी म्हटले, "एकही नाही." ती गप्प बसली. नंतर म्हणाली, "आणि तरी त्यांना एवढं येतं?" बघा, मुलांच्या डोक्यातसुद्धा आपण काय घालून ठेवले आहे!

आपल्या गोव्याचेच उदाहरण द्यायचे तर स्वप्निल अस्नोडकर. २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये राजस्थानकडून पहिल्याच सामन्यात ६०, नऊ सामन्यांत ३११ धावा. शेन वॉर्न त्याला गोव्याची तोफ म्हणायचा. त्या उन्हाळ्यात प्रत्येक गोंयकाराची छाती दोन इंच फुगली होती. नंतर तो गोव्याकडून वर्षानुवर्षे खेळत राहिला आणि पुढे प्रशिक्षणाकडे वळला. २००८ चा अस्नोडकर सगळ्यांना आठवतो. पोरांना शिकवणारा अस्नोडकर किती जणांना ठाऊक आहे? मला वाटते, गोव्याला त्याचा उपयोग दुसऱ्या भूमिकेत जास्त होईल, फक्त आपण तिकडे बघायला हवे. पंडित जितेंद्र अभिषेकींच्या बाबतीत आपण ते केले. त्यांच्या मैफलींइतकेच त्यांनी घरी ठेवून घडवलेल्या शिष्यांविषयी आपण अभिमानाने बोलतो. गाण्यात जे आपल्याला समजते ते खेळात का समजू नये?

जाता जाता एक गोष्ट. उज्जैनचे महाकाल मंदिर मोडून पडले होते ते अठराव्या शतकात पुन्हा उभे केले राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर, म्हणजे रामचंद्रबाबा शेणवी यांनी. आणि १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव मंगेश देवस्थानाला दिला तो याच सुखटणकरांच्या सांगण्यावरून. आपला माणूस! महाकालाच्या रांगेत उभ्या असलेल्या हजारो लोकांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल? मंगेशीच्या रांगेत तरी किती जणांना असेल? दिवाणाचे नाव राहत नाही, देऊळ राहते. आम्ही फाईलवर टिपणी लिहितो, सही साहेबांची असते. हे दुःख म्हणून सांगत नाही. काही कामांची रीतच तशी आहे, आणि ती कामे कमी प्रतीची नाहीत, एवढेच.

असो. गेल्या महिन्यात मुलीचा एक सामना होता. मी झाडाखाली बसलो होतो. शेवटची चार षटके होती, संघाचे सात गडी गेले होते, सामना वाचवायचा होता. एक चेंडू आखूड आला, मारण्यासारखा. माझा हात आपोआप वर गेला. तिने तो सोडून दिला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सामना वाचला.

घरी येताना मी तिला त्या चेंडूविषयी काहीच बोललो नाही. आमच्या कॉलेजचे ते सर आता निवृत्त आहेत, फोंड्याला राहतात असे कळते. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन यायचे ठरवले आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षांनी जायचे म्हणजे काय बोलायचे ते सुचत नाही. मुलीला सोबत नेतो. ती बोलेल.